कोल्हापुरात दोन दिवस: जागा चारच, पण दोनदा

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले त्याला यंदा सव्वीस वर्षं झाली. माहेर ठाण्याचं. त्यामुळे थंडी पडली की माहेरचं कोणी ना कोणी आमच्याकडे येतंच. भाऊ-वहिनी, मावसबहिणी, कॉलेजच्या मैत्रिणी, आता त्यांची मोठी झालेली मुलं. शुक्रवारी निघायचं, शनिवारी सकाळी पोचायचं, रविवारी संध्याकाळी परतीची गाडी धरायची. प्रत्येकाच्या मोबाइलमधली यादीही तीच: अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, मिसळ, तांबडा-पांढरा, चप्पल.

एका वर्षी माझ्या भावानं दीड दिवसात बारा ठिकाणं केली. रविवारी जेवायला बसल्यावर आत्यांनी त्याला विचारलं (सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, इकडची रीतच तशी), "काय आवडलं पाव्हणं, आमच्या गावातलं?" तो बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "मटण फार छान होतं, आत्या." तेवढंच. गाडी लावायला जागा शोधण्यात आणि रांगेत उभं राहण्यात त्याचे दोन्ही दिवस संपले होते. तो गेल्यावर आत्या मला म्हणाल्या, "पुढच्या खेपेला त्याला बारा जागा दावू नको. चार दाव, पण दोनदा दाव. एकदा पहाटं, एकदा दिवा लागल्यावर. गाव तवा कळतंय."

आत्या आता नाहीत. त्यांचं ते वाक्य मात्र मी धरून ठेवलं आहे. पाहुण्यांना मी चारच जागा ठरवून देते: महाद्वार ते गंगावेशचा रस्ता, पंचगंगेचा घाट, खासबाग आणि रंकाळा. चारही जागा अंबाबाईच्या देवळापासून चालत जाण्यासारख्या आहेत. मधल्या वेळेत काय करायचं तेही सांगते. पन्हाळा आणि जोतिबा यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढून या, दोन्ही जागांचा तेवढा मान आहे.

येण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. हवा छान असते, गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि डिसेंबरपासून फुटबॉलचा हंगामही चालू असतो. नवरात्रात दर्शनासाठी जरूर या, पण गाव बघायला येऊ नका. त्या दिवसांत देवळाभोवती पाय ठेवायला जागा नसते. जुलै-ऑगस्टमध्ये यायचं असेल तर आधी इथल्या कोणाला तरी फोन करून एकच प्रश्न विचारा: पाणी किती फुटांवर आहे? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात आम्ही सकाळी उठल्यावर चहाआधी हा आकडा बघतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर लहान मुलांनाही हे आकडे पाठ झाले आहेत.

मुक्काम जुन्या गावातच करा, म्हणजे महाद्वार रोड, बिंदू चौक किंवा गंगावेशच्या आसपास. हायवेकडची मोठी हॉटेलं आरामाची असतात, पण तिथून पहाटे साडेपाचला कोणी पेठेत येत नाही. इथले लॉज साधे असतात, खोल्या लहान असतात, आणि भल्या पहाटे रस्त्यावरच्या आवाजानं जाग येते. मला तर तेच हवं असतं. गाडी आणली असेल तर एकदा लावा आणि निघेपर्यंत तिला हात लावू नका. लांब जायला रिक्षा आहे, केएमटीची बस आहे, आणि आसपासच्या गावांना वडाप आहे. वडाप म्हणजे माणशी पैसे घेऊन, भरली की सुटणारी जीप.

जमलंच तर शुक्रवारी रात्रीपर्यंतच पोचा. शुक्रवारी रात्री अंबाबाईची पालखी देवळाच्या आवारात निघते. तिला गावातलीच माणसं जास्त असतात.

पहाट: महाद्वार ते गंगावेश

शनिवारी साडेपाचला बाहेर पडा. महाद्वार रोड दिवसा इतका गजबजलेला असतो की दुकानांच्या वरचं काही दिसत नाही. पहाटे शटर बंद असतात आणि मान वर करून चालता येतं. जुन्या घरांच्या लाकडी गॅलऱ्या, कोरीव कठडे, मधूनच एखादं दगडी जोतं. फूलवाल्या मावश्या टोपल्या मांडत असतात. दर्शन आत्ताच घ्या, दहा वाजताच्या रांगेपेक्षा फार सुखाचं होतं. मग देवळाकडे पाठ करून पापाच्या तिकटीकडे निघा. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. आमच्याकडे पत्ते तिकट्यांवर, कोपऱ्यांवर आणि तालमींवरच सांगितले जातात. रस्त्यांची नावं कोणी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. "गंगावेशला कुठनं जायचं?" एवढं विचारलं की पुरतं.

गंगावेशीत तालीम आहे. ती दिसण्याआधी ऐकू येते. मांडीवर शड्डू ठोकल्याचा आवाज, अंग मातीवर आपटल्याचा आवाज आणि वस्तादांचा एखादाच शब्द. दारात चप्पल काढा. आत मारुती असतो, त्याला नमस्कार करा आणि वस्तादांना विचारूनच पुढे जा. लाल मातीच्या हौद्यात पाय घालायचा नाही, ती जागा पैलवानांना देवासारखी असते. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळलेली असते, म्हणून तिचा वास साध्या ओल्या मातीसारखा येत नाही, थोडा आंबूस आणि थोडा हळदीचा येतो. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पोरं लंगोटावर असतात, त्यांचा मेहनतीचा वेळ असतो. मी बाई माणूस, त्यामुळे मी उंबऱ्याशी थांबते आणि पाहुण्यांना मुलाबरोबर आत पाठवते. उंबऱ्यावरूनही पुष्कळ दिसतं. गेल्या हिवाळ्यात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा हौद्याच्या कडेला जोर मारत होता. त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब खाली मातीवर पडायचा, आणि प्रत्येक जोराबरोबर तो त्याच ठिकाणी पडत होता. मातीत तेवढाच एक ओला ठिपका झाला होता. इतकं सरळ अंग खालीवर करायला किती महिने गेले असतील!

तालमीतून बाहेर आलात की जवळच दूध कट्टा आहे. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, शिंगं तेल लावून चकचकीत केलेली, आणि दूध तुमच्यासमोर काढून ग्लासात मिळतं. घाई करू नका. धार ग्लासात पडायला लागली की आधी खणखणीत आवाज येतो, ग्लास भरत आला की तो मऊ होत जातो आणि वर दोन बोटं फेस चढतो. फेसाच्या मिशीसकट ते उभ्यानंच प्यायचं. इथली माणसं वर्षानुवर्षं कच्चं दूध पीत आली आहेत, पण तुम्हाला सवय नसेल, पोटाचा त्रास असेल, सोबत लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर कच्चं दूध पिऊ नका, नुसतं बघा. कोल्हापूरकरांचं म्हशीवरचं प्रेम बघायचं असेल तर दिवाळी पाडव्याला या. त्या दिवशी म्हशी रंगवून, सजवून रस्त्यावर आणतात. मालक मोटारसायकलवर पुढे आणि म्हैस त्याच्या हाकेमागे पळत, अशी मिरवणूक निघते.

तिथून शुक्रवार पेठेतून उतरत गेलात की पंचगंगेचा घाट. पाणी कमी असतं तेव्हा नदीच्या पात्रात उभी असलेली दगडी देवळं आणि दीपमाळा पायथ्यापर्यंत दिसतात. पावसाळ्यात यातली बरीचशी पाण्याखाली असतात. पायऱ्यांवर बसा. कोणी सूर्याला अर्घ्य देत असतं, कोणी पोहत असतं, आजोबा नातवाला पोहायला शिकवत असतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, अशा पाच नद्या मिळून ही पंचगंगा झाली. त्यांचा संगम इथून जवळच, प्रयाग चिखलीला आहे. उजाडताना घाटावरून शिवाजी पुलाच्या दगडी कमानी धुक्यातून एकेक करून दिसायला लागतात. अर्धा तास तरी बसा. त्रिपुरारी पौर्णिमेला यायचं जमलं तर पहाटेच या. सगळा घाट पणत्यांनी भरतो.

दुपार: भाऊसिंगजी रोड

आंघोळ, मिसळ उरकून दहा-साडेदहाला पुन्हा निघा. मिसळीबद्दल इतकंच सांगते: नावाजलेल्या दुकानांपुढे रविवारी तास-तासभर उभं राहावं लागतं, म्हणून मिसळ शनिवारी खा, किंवा लॉजवाल्याला विचारा की तुम्ही स्वतः कुठं खाता. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव म्हणून ब्रेडचे स्लाइस येतात. त्यावर नाक मुरडू नका, कटात बुडवायला ते लादीपावापेक्षा चांगले. कट वाढून मागायला लाजू नका.

भवानी मंडपातून निघून भाऊसिंगजी रोडनं सरळ दसरा चौकापर्यंत चालत जा. अंतर जेमतेम दीड किलोमीटर, पण या रस्त्याला मी तीन तास देते. पाहुणे इथं येतात ते रिक्षातून, स्टेशनवरून देवळाकडे जाताना, आणि सगळं काचेबाहेरून निघून जातं.

सुरुवातीलाच शिवाजी चौक. आज जिथं महाराजांचा पुतळा आहे तिथं इंग्रजांच्या काळात गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत दोन स्त्रियांनी तो भर रस्त्यात विद्रूप केला. १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराज आले. ठाण्याहून नवीन आले तेव्हा वर्षभर मी या चौकातून भाजी आणायला जात होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. आत्यांनी सांगितल्यापासून मी तिथं क्षणभर थांबते.

पुढे माळकर तिकटी ओलांडली की टाऊन हॉल. चार्ल्स मॅन्ट नावाच्या इंग्रज वास्तुकारानं १८७० च्या दशकात बांधलेली ही इमारत, पुढे न्यू पॅलेसही त्यानंच आखला. आत वस्तुसंग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. इथं येऊन एक गोष्ट शोधायचीच: समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती. तुम्ही सकाळी ज्या घाटावर बसला होतात, त्याच्या शेजारीच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये तिथं झालेल्या उत्खननात मिळालेल्या वस्तू इथं आहेत, आणि त्यात रोमन जगातून आलेला हा देव. समुद्र इथून सह्याद्रीपलीकडे. एवढा लांब, घाट चढून तो कोणाच्या सामानातून आला असेल? माझ्या भाच्यानं या प्रश्नावर दोन दिवस डोकं खाल्लं होतं. घाट आधी बघून मग संग्रहालयात गेलं तरच हा प्रश्न पडतो, म्हणून क्रम उलटा करू नका. जुन्या कोल्हापुरी चित्रकारांची चित्रंही इथं आहेत. आबालाल रहिमान यांचं नाव विचारा. कोल्हापूरची पाणथळ आणि झाडं त्यांनी जशी रंगवली तशी दुसऱ्या कोणी नाही.

मग दसरा चौक. इथं घाई करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. लोक शाहू महाराजांच्या पुतळ्याचा फोटो घेतात आणि जातात. थांबा आणि चौकाच्या आजूबाजूच्या जुन्या इमारतींवरच्या पाट्या वाचा. मुस्लिम बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग, लिंगायत समाजाचा मठ आणि बोर्डिंग. खेड्यातल्या मुलानं शिकायला शहरात यायचं तर राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं, हा साधा अडथळा होता. १९०१ पासून महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. २६ जुलै १९०२ ला त्यांनी आपल्या संस्थानाच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. ते सगळं पुस्तकात वाचलेलं असतं, पण इथं उभं राहिल्यावर दिसतं की हा एक धोरणाचा कागद नव्हता. त्याच्या भिंती आहेत, खिडक्या आहेत, आणि आजही त्यातून मुलं सायकली काढत बाहेर पडतात. याच भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे या महार समाजातल्या माणसाला महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं होतं, आणि स्वतः गाडी थांबवून सगळ्यांदेखत तिथला चहा पीत. परत येताना याच रस्त्यावर कुठल्याही टपरीवर बसून एक चहा घ्या. मी घेतेच.

वेळ उरला तर बिंदू चौकात या. जुन्या तटबंदीचा तुकडा तिथं शिल्लक आहे, आणि महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारानं ते ९ डिसेंबर १९५० ला बसवले गेले, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत.

जेवण खानावळीत घ्या, जिथं पाटीवर घरगुती लिहिलेलं असतं. पांढरा रस्सा आधी प्या, भातावर ओतू नका. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस यांची चव मग तांबड्यात हरवते. तांबडा भाकरीबरोबर घ्या. आणि जेवल्यावर दोन तास झोपा. माझ्या घरी पाहुण्यांना मी सक्तीनं झोपवते, कारण पहाटे उठलेला माणूस दुपारी झोपला नाही तर संध्याकाळ त्याच्या हाताला लागत नाही.

संध्याकाळ: तेच रस्ते

संध्याकाळी पाहुण्यांना वाटतं की आता नवीन काहीतरी. मी म्हणते, नाही, पुन्हा गंगावेश.

त्या भावाची पुढची खेप सांगते. पहाटे त्यानं कट्ट्यावर दूध घेतलं होतं. संध्याकाळी आम्ही पुन्हा तिथं गेलो तर म्हशीवाल्या मामांनी त्याला बघून विचारलं, "सकाळी आल्तासा न्हवं?" आणि ग्लास धुवायला घेतला. मग गाव कुठलं, कोणाकडं उतरलाय, शुक्रवार पेठेत म्हणजे कुणाच्या घरी, असं करत मामा आमच्या सासऱ्यांपर्यंत पोचले. ते दोघं एकाच तालमीत होते. भाऊ तासभर कट्ट्यावर बसून राहिला. सकाळी तो गिऱ्हाईक होता, संध्याकाळी पाहुणा झाला. आत्यांच्या "दोनदा दाव" चा अर्थ मला त्या दिवशी लागला.

कट्ट्यावर बसल्यावर बोलणं कानावर पडू द्या. इथल्या मुली "मी येतो, मी जातो" म्हणतात हे ऐकून ठाण्या-पुण्याचे लोक चमकतात. ते बोलणं आमच्याकडे सहज आहे, माझी मुलगीही तसंच बोलते.

घाटावर अंधार पडताना पुन्हा जा. पहाटे ज्या देवळांचे कळस दिसले त्यांचे फक्त आकार उरलेले असतात आणि पुलावरच्या दिव्यांच्या रेषा पाण्यात हलत असतात. येताना गुजरीतून या. सोन्याची दुकानं बंद व्हायच्या वेळेला या गल्लीत जो निवांतपणा येतो तो बाजारात दुसरीकडे कुठं नाही. खरेदी करायची नसली तरी काचेतला कोल्हापुरी साज बघा आणि पदकं मोजा. पारंपरिक साजात ती एकवीस असतात: दहा अवतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक आणि पाचूची दोन, आणि एक ताईत.

तुमची तारीख ९ ते ११ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असेल तर संध्याकाळचा सगळा बेत बदला. या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून देवीपर्यंत पोचतात: पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर, मग मुखावर. आत गर्दी असते. मी रस्त्यावरच, सूर्याकडे पाठ करून उभी राहते आणि उजेड दारातून आत जाताना बघते. ढग किंवा धूळ असली तर किरणं पोचत नाहीत, हे मनात धरूनच या.

रविवार

पहाटे रंकाळा. शनिवारी रात्री एकदा चौपाटीवर भेळ खाऊन आला असाल तर तोच तलाव आता ओळखू येणार नाही. रात्रीची गर्दी, दिवे, घोडे काहीच नसतं. संध्यामठाच्या बाजूनं चालत जा, पाण्यातला तो दगडी मंडप आणि पलीकडचा शालिनी पॅलेस उजाडताना शांत असतात. तिथल्या नंदीची गोष्टही कोणाकडून तरी ऐका: तो दर वर्षी गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो.

नंतरचे तीन तास एकाच गोष्टीला द्या. दोन पर्याय आहेत, दोन्ही एकाच सकाळी करायला जाऊ नका.

हिवाळा असेल तर गुऱ्हाळ. रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, पैसे आधी बोला, आणि शिवाजी पूल ओलांडून वडणगे, प्रयाग चिखलीच्या बाजूला निघा. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडं जळत असतात. रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकतात, त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहतात. गुळव्या रस कधी उतरवायचा ते ठरवतो. थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करतो. गोळी जमली की काहील उतरते. तो क्षण अर्ध्या मिनिटाचा असतो, तेव्हा त्याच्याशी बोलू नका. काकवी घ्यायची असेल तर झाकणाची बाटली घरून न्या. गुऱ्हाळं दर वर्षी कमी होत चालली आहेत, म्हणून गूळ तिथंच विकत घ्या, दोन किलो जास्तच घ्या.

गुऱ्हाळाचे दिवस नसतील तर सुभाषनगर. चप्पल बघायला लोक देवळाजवळच्या दुकानांत जातात. घ्यायला तिथूनच घ्या हवं तर, पण ती तयार कशी होते ते सुभाषनगरात बघा. घराच्या पुढच्या खोलीत काम चालतं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं भिजवून ठेवलेलं असतं. पुरुष तळ कापतात आणि ठोकतात. बायका वेणी गुंफतात, पट्ट्यावरचं नक्षीकाम करतात. मी एका वहिनींच्या हाताकडे बघत बसले होते. चामड्याच्या बारीक पट्ट्या त्या केसांची वेणी घालावी तशी घालत होत्या, नजर दारातल्या लेकराकडे, आणि एकही पदर सैल पडत नव्हता. शिवायलाही चामड्याचीच वादी, खिळा कुठं नाही. चप्पल हातात घेऊन वाकवा, वास घ्या, कडेला बघा. मध्ये फोम किंवा प्लास्टिकचा थर दिसला तर ती दुसऱ्या कामाची. भाव फार ओढू नका. एक जोड करायला किती हात लागतात ते तुम्ही आत्ताच पाहिलेलं असतं.

दुपारी खासबाग. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं हे कुस्तीचं गोल मैदान. युरोपात रोमचा आखाडा बघून आल्यावर त्यांच्या मनात ते आलं असं सांगतात. रिकामं असतानाही आत जाता आलं तर कडेला, सगळ्यात वरच्या पायरीवर बसा. कुठूनही बघितलं तरी मधला हौदा नजरेआड होत नाही, तेवढ्यासाठी ते तसं उतरतं बांधलं आहे. शनिवारी रात्री याच भागात भेळ खायला आला असाल तर दोनदा येणंही झालं.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. पॅलेस थिएटर म्हणून १९१५ मध्ये ते सुरू झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. आम्ही गच्चीवरून आकाश लाल झालेलं बघितलं आणि धावत गेलो. सगळे रस्त्यावर उभे होते, वयस्कर माणसं रडत होती. आत्यांनी लग्नानंतरचं पहिलं नाटक तिथंच पाहिलं होतं, नऊवारी नेसून, शेवटच्या रांगेत. आत्या तोवर गेल्या होत्या आणि हे त्यांना बघावं लागलं नाही, एवढंच माझ्या मनात येत राहिलं. नाट्यगृह पुन्हा उभं करण्याचं काम हाती घेतलं आहे. तिथं जा आणि बाहेरून का होईना बघा. गाव आपली कुठली वास्तू जिवाला लावून घेतं हे पन्हाळ्यावरून कळणार नाही.

तिथून बिनखांबी गणेशाकडून खरी कॉर्नरला गेलात तर रस्त्यातच एक कॅमेऱ्याचं स्मारक दिसेल. बाबूराव पेंटर यांनी इथं, कोल्हापुरात, १९१८ च्या सुमारास स्वतः चित्रपटाचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये त्यावरचा मूकपट लोकांसमोर आणला. रोज हजारो गाड्या त्याला वळसा घालून जातात.

डिसेंबर ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत असाल आणि दुपारी शाहू स्टेडियमवर सामना असेल, तर बाकी सगळं सोडा. इथले फुटबॉल संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या गावात फुटबॉलवर इतका जीव कसा, हे विचारायचं नसतं. कोणत्या पेठेत उतरलात ते शेजारच्याला सांगा, तुमचा संघ तो ठरवेल.

निघण्याआधी महाद्वारवर दुसऱ्यांदा यायचंच आहे. कपिलतीर्थ मंडईत जा. तिथल्या कपिलेश्वराला गावाचं ग्रामदैवत मानतात, आणि त्याच्याभोवती खेड्यातून आलेल्या मावश्या भाजी घेऊन बसलेल्या असतात. कांदा-लसूण चटणी तिथल्याच एखाद्या जुन्या दुकानातून घ्या. उन्हाळ्यात आलात तर डंकावर कुटलेली ताजी मिळेल. गल्लीच्या तोंडालाच ठसका लागतो, रुमाल जवळ ठेवा. चटणी स्टीलच्या डब्यात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, प्रवासात तेल सुटतं आणि कपड्यांना लागतं. गूळ वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवा. नवीन चप्पल परतीच्या प्रवासात घालू नका. घरी गेल्यावर चपलेच्या अंगठ्याला आणि कानांना, म्हणजे बाजूच्या पट्ट्यांना, थोडं खोबरेल चोळा, पहिला आठवडा रोज अर्धा तास घरातच वापरा, आणि ती भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा.